सडा, खाडी, सडा

कोकण किनाऱ्याने सायकलवर जायचं म्हटलं की बहुतेकांना वाटतं, रस्ता सपाट असणार. शेजारी समुद्र आहे, म्हणजे आपणही समुद्राच्याच पातळीवर, असा साधा हिशोब. माझ्या ऑफिसातला एक सिनियर मनाली-लेह सायकलने करून आलाय. त्याने माझा प्लॅन ऐकला आणि म्हणाला, "बीचच्या कडेकडेने? मग सुट्टीच आहे की तुझी." मी काही बोललो नाही. माझी शाळा चिपळूणला झाली आणि बाबांचं गाव गुहागर तालुक्यात, तवसाळच्या अलीकडे. लहानपणी दर मे महिन्यात एसटीच्या खिडकीशी बसून मी या रस्त्यावर इतक्या वेळा ओकलोय, की इथली वळणं आणि चढ मला पोटाने पाठ आहेत.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. किनाऱ्याच्या मागे लगेच जांभ्या दगडाचे सडे सुरू होतात. सडा म्हणजे वरून टेबलासारखं सपाट, उघडंबोडकं पठार. फ्रान्सिस बुकानन नावाच्या माणसाने केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला 'लॅटराइट' म्हटलं, कारण लोक तो कापून विटेसारखा वापरत होते. आपल्याकडे त्याच्या कापलेल्या ठोकळ्याला चिरा म्हणतात. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या-ओढ्यांनी हे सडे आरपार कापलेत. त्यामुळे किनाऱ्याला समांतर जायचं तर सड्यावर चढायचं, दोन-चार किलोमीटर सपाट पळायचं, खाडीत किंवा एखाद्या गावाच्या आगरात उतरायचं, पूल ओलांडायचा, परत सड्यावर. चढ मोठा म्हणाल तर एकही नाही. शंभर मीटर, फार तर दीडशे. पण वरंध्यासारख्या घाटात एकदा चढलं की चढलेलं आपल्या खात्यात राहतं. इथे जमा केलेलं सगळं दर तासाभराने समुद्राला परत द्यावं लागतं.

अलिबागहून निघून तिसऱ्या दिवशी मी दापोली ते मालगुंड करणार होतो. साधारण शंभर किलोमीटर, मध्ये दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला. जानेवारी महिना होता.

या दिवसाला एक कामही चिकटलेलं होतं. बाबा दोन वर्षांपूर्वी एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. आता त्यांना गावच्या घरी जाऊन राहायचंय. आईला जायचं नाही. ती म्हणते, दवाखाना कुठाय तिथे? ताई फोनवर म्हणाली, "तू पुण्यात आहेस, तूच काय ते ठरव," याचा त्या दोन गोष्टींशी काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. एकूण हा विषय बरेच दिवस माझ्याकडे अप्रूव्हलसाठी पडून होता. मी या रस्त्याने जाणार हे कळल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "तवसाळला जातोच आहेस, तर घराची कौलं बघून ये. माकडांनी किती फोडलीत ते मोज."

आदल्या रात्री दापोलीत लॉजवर मी दिवसाचा चढ किती आहे ते बघत बसलो होतो. एका ॲपने सांगितलं २,२१० मीटर. दुसऱ्याने तोच रस्ता, तीच फाइल घेऊन १,५३० सांगितलं. रोज डेटाशी भांडणाऱ्या माणसाला अशा वेळी झोप येत नाही.

फरकाचं कारण तसं सोपं आहे. २०००च्या फेब्रुवारीत एंडेव्हर हे स्पेस शटल अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारने जमिनीच्या मोठ्या भागाची उंची मोजून गेलं. अनेक ॲप अजून तोच डेटा किंवा त्याच्या डागडुजी केलेल्या आवृत्त्या वापरतात. त्यात साधारण तीस मीटरच्या चौकोनाला एक उंची मिळते. आता डोंगराच्या कुशीतून खोदून काढलेला कोकणातला रस्ता घ्या. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी, रस्ता मध्ये सहा मीटर रुंद. नकाशावरची रेघ थोडी इकडे सरकली की ॲपला वाटतं तुम्ही दरडीवर चढलात, तिकडे सरकली की दरीत उतरलात. शिवाय त्या रडारला दाट झाडीतून खालची जमीन नीट दिसत नाही. म्हणजे काही ठिकाणी ॲप मला आंब्याच्या शेंड्यांवरून सायकल चालवायला लावत होतं. मग प्रत्येक ॲप आपापल्या पद्धतीने हे खाचखळगे घासून गुळगुळीत करतं. जास्त घासलं की चढ कमी होतो, कमी घासलं की वाढतो.

हे किनाऱ्याच्या लांबीचंही असंच आहे. शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असं पाठ केलं. भारताचा ७,५१६. अलीकडे सरकारी आकडा ११,०९८ झाला. मधल्या काळात देशाला नवी जमीन मिळालेली नाही, नकाशा जास्त बारीक घेतला एवढंच. पट्टी जितकी छोटी तितक्या जास्त खाड्या, जास्त खाचा मोजल्या जातात आणि किनारा लांबत जातो. बेन्वा मांडेलब्रोने १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्यावर याच प्रश्नाचा निबंध लिहिला, तो कॉलेजात आम्हाला एका सरांनी सिलॅबसमध्ये नसताना शिकवला होता. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतलं मला आवडीने आठवणारं जे थोडंफार आहे त्यात तो तास येतो.

बाबांना मी फोनवर विचारलं, "दापोली ते मालगुंड चढ किती असेल?" त्यांनी मीटरमध्ये उत्तर दिलं नाही. या रस्त्यांवर त्यांनी आठेक वर्षं ड्युटी केलीय. जरा थांबून म्हणाले, "दुसऱ्या गिअरचे नऊ. पहिला टाकायला लागतो असे दोन. बाकी किरकोळ."

पहाटे साडेपाचला निघालो. दापोली ते दाभोळ हा भाग एकूण उताराचा, मधूनमधून चढ. हाताची बोटं गारठलेली आणि नाकात आंब्याच्या मोहोराचा वास. शेवटी दाभोळला रस्ता एकदम खाली पडतो. बाबांचा ड्रायव्हरी नियम असा की ज्या गिअरात चढतोस त्याच गिअरात उतर, इंजिनला गाडी धरू दे. सायकलला धरायला इंजिन नसतं. सगळा भार ब्रेकच्या दोन पातळ चकत्यांवर येतो. मी पुढचा-मागचा ब्रेक आलटून पालटून दाबत उतरलो. खाली पोचल्यावर चकतीवर थेंबभर पाणी टाकलं तर ते चर्र वाजलं. दापोलीच्या डोंगराची ती उरलेली ऊर्जा.

दाभोळ एके काळी मोठं बंदर होतं. आता खाडीकाठी जुनी घुमटाची मशीद, मासळीच्या होड्या आणि फेरीबोटीची रांग. पहिल्या फेरीत दोन डंपर, एक बोलेरो, सात-आठ मोटारसायकली आणि मी. बोट निघाली. पाणी गढूळ हिरवं होतं. ही वाशिष्ठीची खाडी, म्हणजे आमच्या चिपळूणची नदी. तिच्यात कोयनेचंही पाणी असतं. खरं तर कोयना कृष्णेला मिळून पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराला जाणार. पण धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणून वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. आख्ख्या नदीचा पत्ता बदललेला आहे. समोरच्या तीरावर अंजनवेलच्या बाजूला एन्रॉनचा प्रकल्प दिसतो. नाव त्याचं दाभोळ, जागा मात्र गुहागर तालुक्यातली. २००१ साली कंपनी बुडाली तेव्हा मी फार लहान होतो, पण घरात 'एन्रॉन' हा शब्द एखाद्या नातेवाइकाच्या नावासारखा यायचा. अमक्याला एन्रॉनमध्ये लागली होती, तमक्याची एन्रॉनची गेली.

धोपाव्याचा चढ बाबांच्या यादीतला पहिला. धक्क्यावरून निघालं की अंग गरम व्हायच्या आतच सुरू होतो. माझ्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर पुढे तीस दात, मागे चौतीस. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल दोन मीटरलाही थोडी कमी पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे धरले तर वेग ताशी सात किलोमीटर. शाळेला उशीर झालेली मुलं याच्या जवळपास पळतात, आणि दोन मुलं खरंच बराच वेळ माझ्याबरोबर पळाली. "किती गिअर?" "केवढ्याची?" "मोटर नाय?" मोटर नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

गुहागरला पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. समुद्राला समांतर एक लांबच लांब रस्ता, दोन्हीकडे घरं, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. वरचा पाट, खालचा पाट. व्याडेश्वराच्या देवळाजवळ मिसळ खाल्ली, दोन चहा घेतले, चार केळी पिशवीत टाकली. किनाऱ्यावर गेलो नाही. दिवस मोठा होता.

गुहागरहून असगोलीकडे चढताना मी मनात एक गणित केलं. चढावर डोक्याला दुसरं काम नसतं. मी, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो. दीडशे मीटर वर न्यायला जेमतेम १४० किलोज्यूल लागतात. माणसाचं शरीर खाल्लेल्यापैकी चौथ्या हिश्शाहूनही कमीच पायडलपर्यंत पोचवतं, बाकीचं घाम आणि उष्णता. म्हणजे एका चढाला सुमारे १४५ कॅलरी. दीड केळं. आता भरलेली एसटी घ्या. पंधरा टनांच्या आसपास. तिला तेवढंच वर उचलायचं तर बावीस मेगाज्यूल. डिझेल इंजिनाचा हिशोब लावला तर दीड ते पावणेदोन लिटर डिझेल, नुसतं वर उचलायला. पन्नास माणसं असतील तर माणशी अर्ध्या कटिंगइतकं. आणि पलीकडे उतरताना यातला थेंबही परत मिळत नाही.

हे गणित मी पहिल्यांदा केलं, पण त्याचं उत्तर आमच्या घरात आधीपासून होतं. किती किलोमीटरला किती डिझेल, हा हिशोब ड्रायव्हरच्या नावावर असतो. बाबा जेवताना आईला सांगायचे, आज गाडी जास्त प्यायली, आज बरी गेली. चढाच्या पायथ्याला वेग किती ठेवायचा, म्हणजे अर्ध्यापर्यंत तिसऱ्यात जाते आणि मगच दुसरा टाकायला लागतो. कुठल्या वळणावर समोरून वाळूचा ट्रक येतो आणि तुमचा सगळा वेग खातो. मला ते सगळं कंटाळवाणं वाटायचं. असगोलीच्या वाटेवर एका वळणावर समोरून डंपर आला. मी थांबलो, आणि पुन्हा सुरू करताना उभ्या चढावर मांड्यांनी जे काही सांगितलं, ते बाबा वर्षानुवर्षं वरणभात कालवत सांगत होते.

पालशेत, मग वेळणेश्वर वरूनच पाहिलं. माडांची हिरवी वाटी आणि तिच्या काठावर निळं पाणी. हेदवीला दशभुज गणपतीच्या पायरीपाशी सावलीत अर्धा तास आडवा पडलो. बाराचं ऊन जांभ्यावर पडलं की खालूनही भाजतं. या दगडात पाणी टिकत नाही, भोकाभोकांतून खाली जातं. त्यामुळे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या सड्यावर जानेवारीतच वाळलेल्या पिवळ्या गवताशिवाय काही उरत नाही. सावलीही नाही. नरवणच्या सड्यावर वारा समोरून होता. सपाट रस्त्यावर ताशी बारा किलोमीटर. ॲपच्या लेखी हा भाग 'सोपा' होता. वाऱ्याचा चढ कोणी मोजत नाही.

दीड वाजता घरी पोचलो.

घर म्हणजे जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे विहीर. सड्याच्या पोटाशी, अर्ध्या उतारावर. मी कौलं मोजली. पडवीवरची एकवीस फुटलेली, माजघरावरची सोळा. एका वाशाला वाळवी लागलेली. शेजारचे काका काठी टेकत आले, सायकलकडे बघून म्हणाले, "बाबांनी एसटी चालवली, तू सायकल. तुझा मुलगा चालतच येईल." त्यांनी पोह्याचे पापड आणि ताक दिलं. वाडीत सतरा घरं आहेत, त्यांतली सहा उघडी. बाकीची गणपतीला आणि मेमध्ये उघडतात. मोबाइलला पडवीच्या एका कोपऱ्यात दोन काड्या रेंज येते, आणि काकांनी तिथे एक खुर्चीच ठेवलीय.

पडवीत बसलं की झाडांच्या फटीतून खाडीचं तोंड दिसतं आणि पलीकडचा जयगडचा डोंगर. रात्री तिथल्या दीपगृहाचा उजेड फिरताना दिसतो. लहानपणी मी तो मोजत झोपायचो.

१९९६च्या मे महिन्यात माझे आजोबा याच पडवीत छातीत दुखतंय म्हणून उठून बसले. रात्रीचे अकरा वाजले असतील. तेव्हा वाहनं नेणारी फेरी नव्हती. तर होती, म्हणजे होडी; पण ती दिवसाची. पलीकडे जयगडचे दिवे दिसत होते, आणि तिथून पुढे रत्नागिरी. अलीकडे चिपळूणपर्यंत सगळे सडे आणि सगळ्या खाड्या. वाडीतल्या कोणीतरी नरवणहून जीप आणली. चढ, उतार, चढ, उतार करत ती शृंगारतळीपर्यंत गेली. तिथे आजोबा गेले.

बाबा त्या रात्री मुक्कामाच्या गाडीवर होते. संध्याकाळी शेवटच्या गावात जाऊन थांबायचं आणि पहाटे तिथूनच परत निघायचं, अशी ती ड्युटी. गाव इथून पंचवीस किलोमीटरवर. देवळापुढच्या वडाखाली रिकामी एसटी उभी होती आणि बाबा तिच्यातच मागच्या सीटवर झोपले होते. त्यांना सकाळी कळलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलंय, तेही मी बारावीत असताना, काहीतरी दुसऱ्याच संदर्भात. "गाडी होती रे माझ्याकडे," एवढं म्हणून उठून गेले होते.

त्या पडवीत बसून मी फोनवर नकाशा उघडला आणि इथून हॉस्पिटल किती लांब ते मोजायला लागलो. सरळ रेषेत जयगड हाकेच्या अंतरावर. फेरी चालू असेल तेव्हा रत्नागिरी पन्नासेक किलोमीटर. फेरी बंद झाली की तीच रत्नागिरी आबलोली, भातगावच्या पुलावरून वळसा घालत भलतीच लांब जाते, आणि मग रत्नागिरीपेक्षा चिपळूण बरं पडतं. म्हणजे अंतर किती, याचं उत्तर किती वाजले यावर. नकाशाने मला 'कधी निघणार?' असं विचारलं. छातीत दुखायला किती वाजता लागणार, हे त्यात भरायची सोय नव्हती.

घराला कुलूप लावलं. धक्क्यापर्यंतचा वेळ घड्याळावर लावला. सायकलने अकरा मिनिटं, जवळजवळ सगळा उतार.

तवसाळच्या धक्क्यावर पाऊण तास थांबावं लागलं. मला बोटीची वाट बघायला आवडतं. सायकल भिंतीला टेकवायची, बूट काढायचे, पाय पाण्यात सोडायचे. दिवसभर आपण सगळ्यात हळू असतो. इथे कारवाला, डंपरवाला, पाटीवाली, सगळे आपल्याइतकेच थांबलेले असतात. मी फोटो काढला. आता हा फोटो इन्स्टावर टाकताना खाली काय लिहायचं याचा विचार करत होतो, तेवढ्यात शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "फिरायला?"

पन्नाशीच्या असतील. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रेचं मोठं पाकीट. मुलगा स्कूटरवर बसून फोन बघत होता. रत्नागिरीला यजमान ॲडमिट होते, त्या रोज जाऊन-येऊन करत होत्या. "संध्याकाळची शेवटची चुकली की तिकडंच बाकड्यावर झोपायचं," म्हणाल्या. मी विचारलं, "मावशी, पूल होणार म्हणतात ना इथे?" रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आराखड्यात या खाडीवर पूल आहे, दाभोळच्या खाडीवरही आहे. दोन दिवसांपूर्वीच मी बाणकोटच्या खाडीत एका पुलाचे अर्धवट खांब बघून आलो होतो, वर्षानुवर्षं तसेच उभे असलेले. त्या म्हणाल्या, "होईल तेव्हा होईल. झाला की तुम्हा लोकांची मजा जाईल." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उलट माझ्याबद्दल थोडी सहानुभूती होती.

आम्ही सायकलवाले या किनाऱ्याबद्दल जे लिहितो ते मी बरंच वाचलंय. 'अजून बिघडलेला नाही', 'वेळ थांबलेला आहे', 'फेरीची गंमत लवकर अनुभवा, पूल व्हायच्या आत'. मीही तसं वाचूनच मित्रांना हा रस्ता सुचवलाय, आणि तो सुंदर आहेच, ते खोटं नाही. पण वेळ इथे आपोआप थांबलेला नाही. मावशींचा रोजचा दीड तास त्यात थांबलाय. मला पूल व्हायला हवाय का? सायकलवर बसलेला असताना नको असतो. पडवीत बसलेला असताना हवा असतो. त्या दिवशी या दोन जागांमध्ये अकरा मिनिटांचं अंतर होतं आणि बोट निघेपर्यंत तरी मला त्यातली एक निवडता आली नाही.

बोट लागली. मावशींनी मला पाकीट धरायला दिलं आणि पदर खोचून चढल्या.

जयगडच्या धक्क्यावरून वर चढताना बाबांनी सांगितलेला पहिल्या गिअरचा दुसरा चढ भेटला. मी अर्ध्यात उतरून ढकलत गेलो. वर बाराशे मेगावॅटचा वीज प्रकल्प. त्याच्या चिमण्या सकाळपासून मला कुठल्या ना कुठल्या सड्यावरून दिसत होत्या आणि दिवसभर जवळ येत नव्हत्या. त्यानंतर नांदिवडे, वरवडे. ऊन उतरलं, सड्याचं गवत तांबूस झालं, वारा पडला. शेवटचे पंधरा किलोमीटर पायांनी काही तक्रार केली नाही. का ते माहीत नाही, रोज असंच होतं. केशवसुतांच्या मालगुंडात शिरलो तेव्हा साडेसहा वाजले होते. सायकलवरचं यंत्र हवेच्या दाबावरून उंची मोजतं, त्यावर दिवसाचा चढ आला १,७८४ मीटर. दोन्ही ॲपच्या मधला कुठलातरी. खोलीवर पोचून आधी आंघोळ केली, मग फोन लावला.

"सदतीस," मी म्हणालो.

"मागच्या पडवीची धरून?"

"मागची बघितली नाही. जाळी वाढलीय तिकडे."

"मग पन्नास धर. वासा?"

"एक गेलाय."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मागे टीव्ही चालू होता. मग मी जे ठरवून ठेवलं होतं ते बोललो. घर चांगलं आहे, पण शेवटची बोट गेल्यावर तिथून कुठेही पोचता येत नाही. तुम्हाला स्टेंट टाकून वर्ष झालंय. पूल होईपर्यंत थांबूया.

"पूल," ते म्हणाले, आणि हसले. "अरे, मी नोकरीला लागलो तेव्हापासून होतोय तो." मग म्हणाले, "चिपळूणला दवाखाना दहा मिनिटांवर आहे, कबूल. एकवीसच्या जुलैत याच घरात पाणी कुठपर्यंत होतं?"

माळ्यापर्यंत होतं. बावीस जुलैची ती रात्र आई आणि बाबांनी माळ्यावर काढली, आणि मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसून लागत नसलेला फोन लावत होतो. तेव्हाही बाबांना काही झालं असतं, तर दहा मिनिटांवरचा दवाखाना गाठता आला नसता.

"गावच्या घरात पाणी चढत नाही," बाबा म्हणाले. "तू ते मोजतोस ना सगळं, त्यात हेही घाल."

मी म्हटलं, घालतो. त्यांनी विचारलं तवसाळहून जयगडला चढताना उतरलास का सायकलवरून. मी हो म्हटलं. "उतरायलाच लागतं तिथे," म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला समाधान ऐकू आलं. मग पावसाचे चार महिने चिपळूण की आठ महिने चिपळूण यावर आम्ही बराच वेळ बोललो. पूर पावसाळ्यातच येतो आणि खाडी पावसाळ्यातच खवळते, त्यामुळे गाडी तिथेच अडकत होती. आई मागून काहीतरी म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. शेवटी ठरलं ते एवढंच की एप्रिलच्या आत कौलं बदलायची, राहायला कोणी जावो न जावो, कारण पावसाळ्यात वासे कुजले तर बोलण्यासारखं काही उरणार नाही. जुन्या मापाची मंगलोरी कौलं आता शोधावी लागतात. शेजारच्या काकांच्या ओळखीत कोणीतरी आहे, त्यांचा नंबर पाठव, म्हणाले. मी पाठवला. पाच मिनिटांनी त्यांचा मेसेज आला: काकांचा फोन लागत नाही, खुर्चीत नसतील.